लाल साखरेची वडी

मार्च लागला की मी मागच्या खिडक्या लावून घेते. आमच्या इमारतीच्या मागे जांभ्या दगडाचा उतार आहे आणि त्यावर कुणाची तरी काजूची झाडं आहेत. ह्या दिवसांत पिवळी-तांबडी बोंडं गळून खाली सडा पडतो. त्याचा आंबूस-गोड वास दुपारच्या वाऱ्याबरोबर थेट स्वयंपाकघरात येतो. मग कुणीतरी बिया भाजायला घेतं. काजूच्या टरफलांचा धूर काळा आणि तेलकट असतो, घशाला धरतो. रत्नागिरीच्या उकाड्यात खिडक्या बंद करून बसणारं आमचं एकच घर असेल. नव्याने राहायला आलेले लोक विचारतात तेव्हा मी धुळीचा त्रास होतो म्हणून सांगते. धूळ म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत.

खरं म्हणजे माझ्या मुलीला, संघमित्राला, काजू चालत नाही. पोटात गेला तर तिचा श्वास बंद पडू शकतो. बाहेरून येणाऱ्या वासाने काही होणार नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा समजावून सांगितलं आहे. ते मला पटलेलंही आहे. तरी मार्च आला की हात खिडकीकडे जातो.

अशाच झाडांखाली मी लहानाची मोठी झाले. माझे वडील अलोऱ्याला वीज प्रकल्पाच्या वसाहतीत नोकरीला होते. परीक्षा जवळ आल्या की आम्ही मुलं पुस्तकं घेऊन वसाहतीमागच्या काजूंच्या सावलीत बसायचो आणि अभ्यास सोडून बिया गोळा करायचो. फुटक्या पत्र्यावर त्या भाजायच्या, दगडाने फोडायच्या. टरफलातला चीक बोटांना लागला की कातडी सोलून निघायची. परीक्षेच्या पेपरवर माझी काळी पडलेली बोटं मला अजून दिसतात. काजू म्हटलं की भय वाटायचं ते फक्त त्या चिकाचं. आतल्या गराची कुणाला भीती वाटत असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

लग्न झालं तेही काजूवाल्या घरात. सासूबाई गावाला असतात. त्यांच्या दाराशीच मोठं झाड आहे. हंगामात त्या स्वतः ओले गर सोलून, धुऊन आमच्याकडे पाठवायच्या. नातीला बाळसं धरू दे म्हणायच्या.

नात मात्र काजू खात नसे. मितू, म्हणजे आमची संघमित्रा, चार वर्षांची असल्यापासून उसळीतले, खिरीतले काजू बोटाने बाजूला सारायची. विचारलं तर म्हणायची, ‘टोचतं.’ मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. दुपारच्या जेवणाला वर्गातल्या मुलांच्या रांगेतून फिरायचे आणि ताट स्वच्छ झाल्याशिवाय कुणाला उठू द्यायचे नाही. त्याबद्दल माझं कौतुकही व्हायचं. मऊ ओला काजू कुणाला टोचतो, असं मला वाटायचं. एकुलत्या एका मुलीचे हे लाड आहेत आणि ते मोडायला हवेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी समोरच्या दारात शहनाजभाभी भाड्याने राहायला आल्या. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांचा नवरा आखातात एका बेकरीत कामाला, इथे त्या आणि त्यांची आठ वर्षांची सानिया. महिन्याभरात आमच्या दोन्ही दारांच्या कड्या दिवसभर उघड्या राहू लागल्या. मितू त्यांना चाची म्हणायची आणि माझ्या हाकेला ओ द्यायच्या आधी त्यांच्या हाकेला द्यायची.

भाभींचा नवरा सुट्टीवर आला की बॅगेतून लाल साखर आणायचा. पिशवीवर इंग्रजीत ब्राऊन शुगर लिहिलेलं असे. ओलसर, गडद, मुठीत दाबली तर मुठीचा आकार धरणारी. हुंगली की काकवीची आठवण व्हायची. तिच्यापासून तो बेकरीत फज बनवायचा आणि फोनवरून त्याने बायकोला ते शिकवलं होतं. ‘तो फज म्हणतो, मी वडी म्हणते,’ असं भाभी सांगायच्या. त्यांच्या धाकट्या बहिणीची मंगनी ठरली होती. तिथे ही वडी न्यायची म्हणून आधी एक घाणा करून बघायचा होता. मी म्हटलं, काजू माझ्याकडचे घ्या, सासूबाईंनी आताच पाठवलेत, वाळवून भाजून ठेवलेत.

शनिवारची दुपार होती. भाभींच्या ओट्याशी आम्ही दोघी उभ्या. जाड बुडाच्या पातेल्यात लाल साखर, दूध आणि लोणी. आच मंद. साखर विरघळली की मिश्रण आधी पातळ होतं, मग बुडबुडे जाड व्हायला लागतात आणि उलथन्याला ओढ जाणवते. भाभी वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून बघत होत्या. थेंबाची मऊ गोळी झाली तेव्हा त्यांनी पातेलं उतरवलं. मग खरं काम सुरू झालं. निवत आलं की ते घोटायचं, हात दुखेपर्यंत. आळीपाळीने आम्ही घोटलं. वरची चकाकी गेली, रंग फिका पडला, तसे भाभींनी काजू घातले. अर्धे तुकडे करून आणि अर्धे अगदी बारीक पूड करून, त्याने वडीला दाटपणा येतो म्हणून. वेलची घातली, तूप लावलेल्या ताटात ओतलं आणि वाटीच्या बुडाने थापलं. सगळ्या घराला त्या साखरेचा वास भरून राहिला. इतकं शांत, सुखाचं मन त्यानंतर माझं फार कमी वेळा झालं आहे.

सानियाने दोन वड्या खाल्ल्या. मितू माझ्या मांडीला टेकून उभी होती. मी तिच्यापुढे वडी धरली. तिने वास घेतला आणि मान फिरवली. नको म्हणाली. मी पुन्हा धरली. ती पुन्हा नको म्हणाली. भाभी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, ‘नाय खात तर ऱ्हाऊ दे गो, सुनीता. पोराच्या तोंडाला जबरदस्ती नको.’

मला भाभींसमोर लाज वाटली. कुणाच्या घरी केलेल्या पदार्थाला माझी मुलगी नाक मुरडते आहे, असं वाटलं. मितूने तिसऱ्यांदा नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी वडीचा तुकडा आत सारला आणि म्हटलं, गिळ. तिने गिळला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. आधी ती ओठ चोळू लागली. मग ओठ सुजले, एका बाजूने जास्त. मानेवर गांधी उठल्या आणि बघता बघता पोटापर्यंत उतरल्या. तिने आई म्हणून हाक मारली तर आवाज घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी. मग खोकला. मग एक बारीक शिट्टीसारखा आवाज, श्वास आत घेतानाचा. मी तिला उचलून जिन्यात धावले. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी गाडी काढली. भाभी अनवाणी मागच्या सीटवर येऊन बसल्या. त्यांच्या ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं होतं. रस्त्यातला प्रत्येक गतिरोधक मला आठवतो. मितूचं डोकं माझ्या हातावर जड होत चाललं होतं आणि मी तिचं नाव घेत होते. थांबले तर ती ऐकायची थांबेल, असं वाटत होतं.

रुग्णालयात डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मांडीत इंजेक्शन दिलं. मग विचारलं, हिने काय खाल्लं?

मी म्हणाले, ‘शेजारणीने वडी दिली.’

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. ते आपोआप बाहेर आलं, जसा पाय घसरला की हात काहीतरी धरतो. भाभी माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. ओढणीतून वडीचा तुकडा काढून त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि एकेक जिन्नस सांगितला. दूध, लोणी, ब्राऊन शुगर, काजू, वेलची. डॉक्टर काजूपाशी थांबले. मितू काजू खाते का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, बाजूला काढते. काय म्हणते, त्यांनी विचारलं. वर्षभर टोचतं म्हणते आहे, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लिहू लागले. मुलगी वर्षभर सांगत होती, एवढंच ते लिहिता लिहिता म्हणाले.

थोड्या वेळाने मितूच्या श्वासातली शिट्टी थांबली. दोन दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं. काजू आयुष्यभर बंद, पिस्ता बंद, आंब्याला हरकत नाही, पण कैरीचा चीक तोंडाला लागू द्यायचा नाही. एका डबीत औषधाची छोटी बाटली आणि सुई कायम जवळ ठेवायची. ती कशी टोचायची हे तिथल्या परिचारिकेने मला मोसंब्यावर शिकवलं.

मितू वाचली, पण भीती संपली नाही. ज्यांनी गाडी काढली होती त्या गृहस्थांनी डॉक्टरांसमोर भाभींच्या तोंडून ब्राऊन शुगर हे शब्द ऐकले होते. त्या नावाचं नशेचं विष विकलं जातं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी लिहिलं, की आपल्या इमारतीत लहान मुलांना ब्राऊन शुगर घातलेली मिठाई खायला देतात, सगळ्यांनी सावध राहावं. खाली एकाने विचारलं, कोण देतं? दुसऱ्याने उत्तर दिलं, आणखी कोण देणार? मग तो गट दिवसभर वाजू लागला.

मी ते सगळं वाचत होते. एका ओळीत खुलासा करता आला असता. पण ती ओळ लिहायची तर पुढची ओळही लिहावी लागली असती. माझ्या नवऱ्याला, प्रशांतला, मी सांगितलं होतं की वडी भाभींनी दिली. गावाहून धावत आलेल्या सासूबाईंनाही तेच. सासूबाई मितूच्या उशाशी बसून म्हणत होत्या, दुसऱ्याच्या घरचं पोरीला खायला घालायचं कशाला. मी मान खाली घालून ऐकत होते. माझ्याच हाताने माझं मूल मरत होतं, हे त्या घरात मोठ्याने बोलायचा मला धीर नव्हता. समोरचं दार बंद असायचं. सानिया शाळेत जाईना. एका सकाळी त्यांच्या चपलांचा स्टँड कुणीतरी जिन्यावरून खाली ढकलून दिलेला दिसला. सगळ्या चपला पायऱ्यांवर विखुरलेल्या, सानियाची गुलाबी सँडल अगदी खाली. मी ती उचलली, वर आणून दाराशी ठेवली. पण बेल वाजवली नाही.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, खाली गाड्या लावायच्या जागेत सभा बोलावली गेली. विषय होता घरमालकाला सांगून भाभींना खोली सोडायला लावायची की आधी पोलिसांत जायचं. प्रशांत मला म्हणाला, तू येऊ नकोस, तुला त्रास होईल. मी गेले. भाभी आल्या नव्हत्या. एकेक जण बोलत होता आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघून, माझ्या मुलीची काळजी म्हणून बोलत होता. उद्या हे लोक काय करतील ते माझ्या नावाने करतील, हे मला तिथे उभं राहून कळलं.

मी म्हणाले, ‘ती साखर साधी खायची साखर आहे. काजू माझ्या घरचे होते. आणि वडी भाभींनी दिली नाही. मितू नको म्हणत होती, भाभी राहू दे म्हणत होत्या, आणि मी तिच्या तोंडात घातली.’

मग एक बाई म्हणाल्या, ह्यांना धक्का बसलाय अजून. मी पुन्हा सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. साखरेचं सांगितल्यावर कुणीतरी ओशाळं हसलं. माणसं हळूहळू पांगली. तळमजल्यावरचे गृहस्थ मोबाइलमध्ये बघत उभे राहिले. माफी कुणी मागितली नाही. गटावरचे मजकूर मात्र दुपारपर्यंत पुसले गेले.

प्रशांत माझ्याकडे न बघता जिना चढून गेला. त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. वर गेल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता त्या बोलतील ते मला जन्मभर पुरेल. पण त्या उठल्या, पदर सारखा केला आणि समोरच्या दाराशी जाऊन कडी वाजवत राहिल्या. दार उघडलं तशा भाभींना म्हणाल्या, ‘काजू माझ्या झाडाचे होते, बाय. तुझा काय दोष नाय.’ आणि न विचारता आत जाऊन बसल्या.

मला आत जायला आणखी दोन दिवस लागले. भाभी भांडी पुसत होत्या. लाल साखरेची पिशवी कुठे दिसत नव्हती, ती त्यांनी मोरीत ओतून दिली होती. मी माफी मागितली. त्या बराच वेळ पुसलेलंच ताट पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘डॉक्टरला बोललीस तेव्हा मी मागंच उभी होते. तेव्हा पोर महत्त्वाची, म्हणून गप्प ऱ्हायले. पण मंग तू बोलशील असं वाटलं. नऊ दिवस वाट बघितली गो.’

आमची दारं पुन्हा उघडी राहायला दोन पावसाळे जावे लागले. तशी ती पहिल्यासारखी उघडली असं मी म्हणणार नाही. भाभी अजून समोरच राहतात. आता त्या वडी करतात ती भोपळ्याच्या बिया घालून, वेगळ्या पातेल्यात. एक ताट आमच्याकडे येतं. मितू ते खात नाही आणि तिला कुणी खा म्हणत नाही.

मी शाळेत रांगांमधून फिरते, पण ताट संपव म्हणून कुठल्याही मुलाला सांगत नाही. नव्या मुख्याध्यापकांनी एकदा त्याबद्दल मला विचारलं. मी धुळीसारखंच काहीतरी सांगितलं.

काजूच्या मुलखात अशी मुलगी वाढवायची म्हणजे काय, हे कुणाला सांगून कळत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातला डाव आधी कुठल्या भांड्यात होता, हे मी बघत असते. गणपतीपुळ्याला जाताना रस्त्याच्या कडेला काजूच्या दुकानांची रांग लागते. पाहुणे गाडी थांबवायला सांगतात आणि मी मितूच्या बाजूची काच वर करून घेते. वाढदिवसाचा केक, बुद्ध जयंतीची खीर, मैत्रिणीने डब्यातून दिलेली चटणी. नऊ वर्षं मी मितूच्या गळ्याकडे बघत आले आहे. ती हसली, ठसका लागला, सर्दीने आवाज बसला, तरी माझा हात पर्समधल्या डबीवर जातो. तिला ते कळतं. हल्ली ती माझ्यासमोर खोकला दाबते.

यंदा वार्षिक परीक्षा संपल्यावर तिच्या शाळेचं तीन दिवसांचं शिबिर निघालं, बुरोंडीच्या किनाऱ्याजवळ. ती आता चौदाची आहे. इंजेक्शन स्वतःचं स्वतः टोचायला शिकली आहे. प्रशांतने होकार दिला. मीही दिला, आणि माझी बॅग भरून पलंगाखाली सारली. दापोलीला माझी मामेबहीण असते. कुणाला न सांगता तिच्याकडे जाऊन राहायचं, म्हणजे गरज पडली तर अर्ध्या तासात पोचता येईल, असा माझा बेत होता.

निघायच्या आदल्या दुपारी मितू गॅलरीत फोनवर मैत्रिणीला सांगत होती. ‘अगं, लहानपणी समोरच्या चाचीने वडी दिली होती, ती खाऊन झालं सगळं.’ सहज सांगत होती, कुणावर राग नव्हता. मी आत तांदूळ निवडत होते. माझे हात थांबले. सगळ्या इमारतीला मी खरं सांगितलं होतं. हिला सांगितलं नव्हतं. ती तेव्हा पाच वर्षांची होती, आणि नंतर कधी तशी वेळच आली नाही, असं मी स्वतःला सांगत आले होते.

ती आत आली तशी मी तिला बसवलं आणि सांगितलं. सभेत बोलताना वाटली होती त्याहून मोठी भीती मला तिच्यासमोर वाटली. तिथे लोक होते, इथे ती होती. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

‘मी नको म्हटलं होतं?’ तिने विचारलं.

‘हो. दोनदा. तिसऱ्यांदा मी म्हणू दिलं नाही.’

ती नखाने टेबलाची कड खरवडत राहिली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. मग म्हणाली, ‘तुझी बॅग मी पाहिली पलंगाखाली.’

मी तांदळाचं ताट बाजूला सारलं.

‘दापोलीला मावशीकडे येऊन राहू नकोस,’ ती म्हणाली. ‘मी नको म्हणते आहे, आई.’

मी बॅग ओढून बाहेर काढली आणि तिच्यासमोर एकेक कपडा परत कपाटात ठेवला. शेवटची साडी आत जाईपर्यंत ती दारात उभी होती.

आज तिचा तिथला दुसरा दिवस. मागच्या खिडक्या बंद आहेत. सकाळपासून मी दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. साडेदहाला तिचाच आला. मागे समुद्राचा आणि मुलांचा गलका होता. नाश्त्याला शिरा होता, म्हणाली, काजू घातलेला. वाढणाऱ्या बाईंनी वरचे काजू काढून तिच्यापुढे बशी ठेवली, आता खा म्हणाल्या.

मी विचारलं, आग्रह केला का त्यांनी?

‘खूप केला,’ मितू म्हणाली. ‘मी नको म्हटलं. मग त्यांनी भाकरी दिली.’